कूलरचे खुराडे

गेल्या रमजानमध्ये एका पहाटे सहरीसाठी उठलो, तर अंगणातून नेहमीची चिवचिव येत नव्हती. टॉर्च घेऊन गेलो. महिन्याभराच्या आठ पिल्लांपैकी तीन एका कोपऱ्यात चिकटून बसली होती. दोन मरून पडली होती आणि तिघांचा पत्ताच नव्हता. खालच्या मातीत मूठभर रुंदीचे भोक होते. घुशीचे काम.

ती पिल्ले आमच्या धाकटीने शाळेतून आल्यावर रोज कणकी टाकून वाढवली होती. ती रडली नाही, एवढेच विचारले, "आपणच त्यांना बंद केलं होतं ना?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आम्ही मुलांना कितीदा सांगितली असेल! पण दाणा-पाणी वेळेवर दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असेच आम्ही समजत होतो. कोंडलेल्या जीवाला पळता येत नाही, म्हणून त्याचा दरवाजा आणि जमीन हीसुद्धा आपल्याकडची अमानत असते.

पहिले खुराडे आम्ही घाईत बांधले होते. बांबूच्या चौकटीला षट्कोनी कोंबडी-जाळी तारेने बांधली आणि खाली उघडी माती ठेवली. ही जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. मांजराचा पंजा तिच्यातून सहज आत जातो.

तयार पिंजऱ्याचा भाव विचारून आम्ही गुपचूप परतलो. मग कबाड्याकडे नजर गेली. नागपुरात कोणती वस्तू मुबलक असेल, तर ती म्हणजे जुने लोखंडी कूलर. पाण्याने टाकी सडते, पंखा-मोटार काढून घेतली जाते आणि सांगाडा भंगारात पडून राहतो. असे दोन सांगाडे ७०० रुपयांत आणि दोन स्टँड ३०० रुपयांत मिळाले. सडलेला तळ कापून जाड पत्रा ठोकला. पंख्याची गोल भोके समोरासमोर आणून बोल्टने जोडली, की दोन खोल्यांचे घर तयार. एकूण जागा साधारण १२ चौरस फूट, म्हणजे सहा कोंबड्यांना पुरेशी. हावरेपणा करून दहा कोंबू नयेत. दाटीत त्या एकमेकींना टोचून रक्तबंबाळ करतात.

ताट्यांच्या जागी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी बसवली. तिचे ११०० रुपये झाले. सगळ्या खर्चात हाच आकडा मोठा होता, पण कुठेही काटकसर करा, इथे करू नका. दाराला नुसती कडी न लावता कोयंडा आणि कुलूप लावले. स्टँडमुळे खुराडे जमिनीपासून दीड फूट वर आले आणि घुशीचा प्रश्न मिटला. आत आडवा बांबू टाकला, दर कोंबडीला आठ-दहा इंच. खाली तीन इंच धानाचे तूस. तेही भंडाऱ्याकडून येणाऱ्या ओळखीच्या माणसाने फुकट आणून दिले.

यानंतर आला मे. पारा ४५ च्या पुढे गेला आणि पत्र्याची भट्टी झाली. कोंबड्या चोच उघडून, पंख पसरून धापा टाकू लागल्या. छतावर चुन्याचे दोन हात दिले, वर ओले बारदान टाकले आणि पश्चिमेच्या बाजूला कूलरचीच जुनी ताटी लावून दुपारी तिच्यावर पाणी मारले. पाण्याची भांडी दोन ठेवली, सावलीत. पाऊस लागताच मात्र ताटी काढावी, नाहीतर आत दमटपणा साचतो.

पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी वासाची तक्रार केली, आणि ती योग्यच होती. कोंबडीला वास नसतो, ओल्या तुसाला असतो. तेव्हापासून तूस दर दोन दिवसांनी वरखाली करतो, भिजलेले काढून खड्ड्यात टाकतो. कोंबडाही ठेवला नाही. रात्री तीनला आरवणाऱ्या कोंबड्याचा शेजाऱ्यांनी काय गुन्हा केला आहे? कोंबड्याशिवाय अंडे होते का, आणि ते चालते का, असे एका खालांनी विचारले. बाजारातून आणतो ती अंडी बहुतेक तशीच असतात, खाला!

मानमोडीची लस टाळू नये. पहिला डोस पिल्लाच्या पहिल्या आठवड्यातच डोळ्यात थेंब टाकून देतात. अडचण अशी की कुपी शंभर मात्रांची असते आणि उघडली की दोन तासांत संपवावी लागते. आम्ही मोहल्ल्यातल्या चार घरांची पिल्ले एकाच दिवशी आणवली. कुपी बर्फात ठेवून आणावी.

डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. म्हणून दाणा-पाणी आता जाळीच्या आतच ठेवतो, कावळे-कबुतरांना त्यात चोच घालता येत नाही. खुराड्यातून आल्यावर मुले साबणाने हात धुतात. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या, तर उघड्या हाताने उचलू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

त्या तिघींपैकी एकीने ऑगस्टच्या शेवटी पहिले अंडे दिले, लहानसे, बदामी. धाकटीने ते काकूंकडे नेऊन दिले. दुसरे आम्ही खाल्ले.