हिशेबाच्या सॉफ्टवेअरची तपासणी : स्वस्ताई कुठे करावी?

पनवेलच्या बाजारात आता छोट्या कापड दुकानातही बिल संगणकावर निघते. कुणी तयार सॉफ्टवेअर घेतो, कुणी आपल्या धंद्याप्रमाणे बनवून घेतो. बनवण्याच्या किमतीची घासाघीस सगळेच करतात. पण ते बरोबर चालते की नाही हे कुणी तपासायचे, याचा विचार फार थोडे व्यापारी करतात. हे काम बाहेरच्या माणसाला द्यावे, असे आमचे मत आहे. ज्याने बनवले त्याला आपली चूक सहसा दिसत नाही. मात्र सर्वात कमी दर सांगणाऱ्याला काम देऊन निश्चिंत होणे, हा सौदा नुकसानीचा आहे.

आपल्या धंद्याला ही गोष्ट नवी नाही. भिवंडीत मजुरीवर विणून घेतलेले ग्रे कापड आपण ताका उलगडून पाहतो. निर्यातीच्या मालाला तर चार गुणांची पद्धत लावतात. 3 इंचांपर्यंतच्या दोषाला 1 गुण, 6 इंचांपर्यंत 2, 9 इंचांपर्यंत 3 आणि त्याहून मोठ्याला 4. 100 चौरस वारांत 40 गुणांपेक्षा जास्त भरले, तर माल सहसा नाकारला जातो. म्हणजे सर्व दोष सारखे नसतात. बिलावर दुकानाचे नाव तिरके छापले गेले तर तो 1 गुणाचा दोष; कर चुकला तर 4 गुणांचा.

22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांच्या जीएसटीचे दर बदलले. नगाची विक्री किंमत 2500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के, त्यावर 18 टक्के. सुती किंवा सिंथेटिक कापड मीटरने विकले तर भाव काहीही असो, 5 टक्केच. आता 700 रुपये भावाचे 4 मीटर कापड विकले, रक्कम झाली 2800. सॉफ्टवेअरने त्याला नग समजून 18 टक्के लावले, तर 140 ऐवजी 504 रुपये कर होईल. गिऱ्हाईकाचे 364 रुपये नाहक गेले. उलट कर कमी लागला, तर फरक आपल्या गल्ल्यातून भरावा लागतो.

हे प्रश्न बाहेरच्या तपासनिसाला आपोआप सुचत नाहीत. म्हणून यादी आपणच लिहून द्यावी : 2500 चा नग, 2501 चा नग, 2600 च्या शर्टावर 10 टक्के सूट, जुन्या दराने विकलेला माल परत आला तर काय. याला पैसा लागत नाही, एक दुपार लागते. कर, साठा आणि उधारी यांच्या तपासणीला जाणकार माणूस घ्यावा, तो महाग पडला तरी चालेल. छपाई, रंग, अक्षरे यांना स्वस्त माणूस पुरे.

दर ठरवतानाही सावध असावे. चुकीमागे पैसे ठरवले की किरकोळ चुकांचा ढीग लागतो. रोजावर ठरवले की दिवस वाढतात. यादीप्रमाणे उक्ती रक्कम ठरवावी आणि दुरुस्तीनंतरची फेरतपासणी त्यातच धरावी, कारण एक टाका घालताना दुसरा उसवतो. तपासणीसाठी गिऱ्हाईकांची खरी उधारवही देऊ नये, खोटी नावे घालून नमुना द्यावा.

यंत्रावरच्या आंधळ्या विश्वासाचे काय होते, ते ब्रिटनमध्ये दिसले. तिथल्या पोस्ट खात्याच्या होरायझन सॉफ्टवेअरने हिशेबात तूट दाखवली आणि 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक छोट्या पोस्टचालकांना गुन्हेगार ठरवले गेले. त्यात दोष होते, हे न्यायालयाने 2019 मध्ये मान्य केले. शिक्षा रद्द करणारा कायदा 2024 मध्ये झाला. तोवर कित्येकांची दुकाने आणि अब्रू दोन्ही गेली होती.

बिल संगणकाने काढले तरी त्यावर नाव दुकानदाराचे असते. गिऱ्हाईक जाब विचारायला सॉफ्टवेअरवाल्याकडे जात नाही, आपल्या गादीवरच येते. तपासणीचा खर्च मालाच्या खर्चातच धरावा, हे बरे.