खालच्या कवळीला दोन आधार हवेत

पोळ्याच्या दिवशी विदर्भात बैलांना पुरणपोळी भरवली जाते, तेव्हा भिलाई-दुर्गच्या घरांत 'पोरा' साजरा होत असतो आणि कढईत ठेठरी-खुरमी तळली जात असते. ठेठरी बेसनाची, खुरमी गव्हाच्या पिठाची आणि गुळाची. दोन्ही चांगल्या कडक, डब्यात कितीतरी दिवस टिकणाऱ्या. शेजारून आलेल्या ताटातली खुरमी नातवंडे कडाकड फोडून खातात आणि आजोबांची वाटी दुधाने भरली जाते, म्हणजे तुकडा भिजून मऊ होईल. दात गेलेल्या माणसाचे ताट असेच हळूहळू आकसत जाते. आधी ऊस आणि पेरू सुटतात, मग भाजलेले शेंगदाणे, मग काकडी-मुळा, मग भाकरीचा कडक पापुद्रा, मग मटण. शेवटी उरतात वरणभात, खिचडी, रात्रभर पाण्यात भिजवलेल्या भाताची बासी आणि चहात बुडवलेले बिस्कीट. घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच."

हे 'चालायचंच' मान्य करण्याचे आता काही कारण उरलेले नाही. डोळ्यात मोतीबिंदू आला तर कोणी आजोबांना अंधारात बसवून ठेवत नाही. गुडघा गेला तर कर्ज काढून तो बदलला जातो. तोंडातले सगळे दात जाणे हेही एक अवयव जाण्यासारखेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मौखिक आरोग्य अहवालात साठी ओलांडलेल्यांमध्ये एकही दात न उरलेल्यांचे जागतिक प्रमाण सुमारे २३ टक्के दिले आहे. म्हणजे चार-पाच ज्येष्ठांमागे एक.

भिलाई हे या प्रश्नाचे शहर आहे, कारण ते निवृत्तांचे शहर आहे. पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. त्यानंतरच्या तीन दशकांत देशभरातून माणसे इथे नोकरीला आली. त्यांत नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी कुटुंबेही होती. ते स्वाभाविकच होते. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूरच होती आणि रेल्वेची मुख्य लाइन दोन्हीकडून एकच. भट्टीवर, रेल मिलमध्ये, दल्ली-राजहराच्या खाणींत तिन्ही पाळ्यांत राबलेली ती पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. कारखान्याच्या सेक्टरमधले क्वार्टर सोडून नेहरूनगर, स्मृतीनगर, हुडकोत स्वतःच्या घरात राहणारी ही माणसे. रात्रपाळीत झोप उडावी म्हणून लागलेली तंबाखू यांच्यातल्या अनेकांना आयुष्यभर पुरली.

त्या तंबाखूचे इथले रूप वेगळे आहे. छत्तीसगडात गुडाखू नावाची लपलपीत पेस्ट मिळते. तंबाखू आणि गुळाची मळी हा तिचा मुख्य माल. सकाळी बोटावर घेऊन ती हिरड्यांवर चोळायची, आणि बायकाही चोळतात. पलीकडे विदर्भात खर्रा. प्लास्टिकच्या पन्नीवर घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, छत्तीसगडात ३९.१ टक्के. 'दात साफ होतात' म्हणून जी गोष्ट हिरडीवर घासली जाते तीच हिरडी खाली ढकलते आणि दाताची मुळे उघडी पाडते. दात किडून जाण्याआधीच हलायला लागतो. मग एकेक करून निघतो.

दात गेल्यावर कवळी. वरची कवळी बहुतेकांची जमते. टाळूचा मोठा सपाट भाग तिला मिळतो, लाळेचा पातळ थर मध्ये असतो, आणि ती चिकटून राहते. खरे दुखणे खालच्या कवळीचे. तिला टाळू नाही. बसायला घोड्याच्या नालाच्या आकाराची अरुंद कड, मध्ये सतत हलणारी जीभ, बाजूंनी गाल आणि ओठ. बोलताना ती उचलते, जांभई देताना सरकते, घास चावताना एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने वर येते. त्यात ती कडही झिजत जाते. दाताचे मूळ गेले की त्याच्यासाठी असलेल्या हाडाला काम उरत नाही आणि शरीर ते हाड काढून घेते. अँट्ये टालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांची २५ वर्षांची पाहणी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. खालच्या जबड्याच्या कडेची उंची वरच्याच्या सुमारे चौपट घटते, हे तीत दिसले. पंधरा-वीस वर्षांनी काही जणांची कड सुरीच्या धारेसारखी होते. हनुवटीकडे जाणारी नस हाडातून जिथे बाहेर पडते ते छिद्र कडेच्या माथ्यावर येते, आणि प्रत्येक घासाला कवळी नेमकी त्या नसेवर दाबते. अशा माणसाची कवळी डबीत पडून राहिली तर तो आळशी नाही. त्याला ती सहन होत नाही, एवढेच.

इथे इम्प्लांटची, म्हणजे हाडात बसवलेल्या खुंटाची, गरज सुरू होते. त्यामागचा शोध अपघाताने लागला. १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये पर-इंग्वार ब्रोनमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी निघेना. हाड तिला घट्ट धरून बसले होते. पोलादाचे असे होत नाही. स्टेनलेस स्टीलभोवती सहसा मऊ तंतूंचे वेष्टन तयार होते, टायटॅनियमवरच्या ऑक्साइडच्या थराला मात्र हाडाच्या पेशी थेट जाऊन भिडतात. १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या रुग्णाच्या दातहीन खालच्या जबड्यात ब्रोनमार्क यांनी चार टायटॅनियम खुंट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तेव्हा, चाळीस वर्षांनंतरही, ते खुंट जागेवर काम करत होते.

तेव्हापासून हे शास्त्र खूप पुढे आले. लिस्बनचे पाउलो मालो यांनी १९९८ मध्ये एका जबड्याचे सगळे दात फक्त चार इम्प्लांटवर पक्के बसवले. मागचे दोन तिरके घातले, म्हणजे वर सायनसची पोकळी आणि खाली नस टाळता येते आणि हाड भरण्याची शस्त्रक्रिया बऱ्याचदा वाचते. 'ऑल-ऑन-फोर' म्हणतात ते हेच. रायपूर-भिलाईपासून नागपूर-पुण्यापर्यंत शहराशहरांतल्या पाट्यांवर आज त्याची जाहिरात दिसते: 'एका दिवसात पक्के दात'. ते अर्धेच खरे आहे. योग्य रुग्णात त्याच दिवशी तात्पुरते दात बसवता येतात, पक्के काही महिन्यांनी येतात. ज्याला काढ-घालीची कवळी मनाने सहन होत नाही किंवा तोंडात काही घातले की उमासे येतात, त्याच्यासाठी हा उपाय वरदान आहे.

पण खर्च पाहा. एका जबड्याचे बिल खासगी दवाखान्यात सहज काही लाखांत जाते. ईपीएस-९५ या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. त्याहून जास्त मिळणाऱ्यांचेही आकडे फार मोठे नसतात. नुसत्या दंतोपचारासाठी आरोग्य विम्यातून सहसा काही मिळत नाही. अपघात झाला आणि रुग्णालयात भरती व्हावे लागले तरच बहुतेक पॉलिसी दातांकडे बघतात. त्यामुळे घरात दोनच पर्यायांची चर्चा होते: लाखोंची पक्की बत्तीशी किंवा हलणारी कवळी. पहिले परवडत नाही, म्हणून दुसरे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा उपाय आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही, हा खरा आक्षेप आहे.

मे २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांची एक बैठक झाली. तिचा निष्कर्ष सरळ होता: खालच्या दातहीन जबड्यासाठी साधी कवळी हा आता पहिला पर्याय राहू नये. दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हा पहिला पर्याय असावा. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये यॉर्क इथल्या सहमतीपत्रानेही हेच उचलून धरले. दोन, फक्त दोन.

हे काम जवळून पाहिले की त्याचा साधेपणा लक्षात येतो. खालच्या जबड्यात, जिथे पूर्वी सुळे होते त्या दोन जागी, हिरडी बधिर केली जाते. मिठाच्या पाण्याची धार सोडत, हाड तापणार नाही याची काळजी घेत, हळूहळू छिद्र पाडले जाते. साधारण चार मिलिमीटर जाडीचा आणि दहा-बारा मिलिमीटर लांबीचा आटे असलेला खुंट त्यात पिळून बसवला जातो. पुढच्या भागातले हाड सर्वांत शेवटपर्यंत टिकते आणि नसेचे छिद्र मागे राहते, म्हणून ही जागा सर्वांत सुरक्षित. दोन-तीन महिने हाड जुळू द्यायचे. मग खुंटावर गोल बटणासारखा भाग येतो आणि कवळीच्या आतल्या बाजूला त्याची जोडी. कवळी तोंडात घालून बोटाने दाबली की 'टक' असा आवाज होतो आणि ती बसते. रात्री काढून धुवायची, सकाळी परत टक. आतले नायलॉनचे छोटे वायसर झिजले की बदलायचे, तो खर्च किरकोळ. पुष्कळदा आधीची चांगली कवळीच त्यासाठी वापरता येते.

पक्क्या बत्तीशीपेक्षा हा उपाय दुय्यम आहे असे समजण्याचे कारण नाही. ऐंशीच्या माणसाचा हात कापत असेल, पुढे मुलगी किंवा सून तोंड स्वच्छ करणार असेल, तर काढून धुता येणारी कवळीच त्याच्या सोयीची. पक्क्या पुलाखाली अडकलेले अन्न काढायला नजर आणि हात दोन्ही लागतात. ते न जमल्यास इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजते, हाड झिजते आणि लाखोंचे काम हलायला लागते. वरच्या जबड्याचे गणित मात्र वेगळे. तिथले हाड मऊ असते, दोन इम्प्लांट सहसा पुरत नाहीत, चार लागतात. वरची साधी कवळी चांगली बसत असेल तर ती तशीच ठेवण्यात शहाणपण आहे.

आता हे भिलाईत कोण करणार? साधने इथेच आहेत. सेक्टर ९ चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय कारखान्याचे आहे. कोहक्याला रुंगटा दंत महाविद्यालय आहे, दुर्गजवळ अंजोऱ्याला मैत्री दंत महाविद्यालय, राजनांदगावजवळ सुंद्र्याला छत्तीसगड दंत महाविद्यालय आणि रायपूरला शासकीय दंत महाविद्यालय. रायपूर ते राजनांदगाव या सुमारे सत्तर किलोमीटरच्या पट्ट्यात चार महाविद्यालये! कृत्रिम दंतशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण हवेत आणि रुग्णांना स्वस्त उपचार हवेत. कारखान्याने आपल्या निवृत्त कामगारांच्या इम्प्लांटचा माल घाऊक भावाने विकत घ्यावा आणि काम या महाविद्यालयांत, वरिष्ठ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली व्हावे. खासगी बिलातला मोठा वाटा त्यातून वाचेल. यासाठी नवे रुग्णालय लागत नाही, एक करार लागतो.

सरकारी योजनाही आहेत, फक्त त्या साध्या कवळीपाशी थांबतात. १ एप्रिल २०१७ रोजी नेल्लोरला सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी आणि चाकाच्या खुर्चीबरोबर कवळीही आहे. कर्नाटकाने 'दंत भाग्य', केरळने 'मंदहासम' नावाने गरीब ज्येष्ठांना मोफत कवळ्या दिल्या. ब्राझीलने २००४ पासून दंतोपचार थेट सार्वजनिक आरोग्यसेवेत आणले. कवळी देण्यापर्यंत सरकार येऊ शकते, तर खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटपर्यंतही ते येऊ शकते. वापरलीच जात नाही अशी कवळी वाटण्यात पैसाही जातो आणि आशाही.

अडचणी खऱ्या आहेत. गुडाखू-खर्रा चालूच राहिला तर इम्प्लांटभोवतीची हिरडी टिकणे अवघड. सुपारीने ज्यांच्या गालात तंतू आले आहेत त्यांचे तोंडच उघडत नाही. दोन बोटांएवढी जागा नसेल तर ड्रिल आत कसे जाणार? मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल दिल्या जाणाऱ्या काही औषधांवर असलेल्या, किंवा तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या रुग्णाने हे आधी सांगितलेच पाहिजे, नाहीतर जबड्याचे हाडच कुजण्याचा धोका असतो. आणि एक वाईट चाल सर्वांनी ओळखून ठेवावी: पाच-सहा धड दात शिल्लक असताना 'सगळे काढून पूर्ण सेट बसवू' असे कोणी सुचवले, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय एकही दात काढू देऊ नये. स्वतःच्या मुळाइतका चांगला खुंट कोणत्याही कंपनीने बनवलेला नाही.

ज्यांचे आई-वडील खालची कवळी डबीत ठेवून जेवतात त्यांनी पुढच्या वेळी दंतवैद्याकडे तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट घालून हीच कवळी पक्की बसवता येईल का? इम्प्लांट कोणत्या कंपनीचा, आणि त्याच्या पाकिटावरचे बॅच क्रमांकाचे स्टिकर कागदपत्रांत लावून मिळेल का? आणि पाच वर्षांनी काही सैल झाले तर ते दुरुस्त कोण करणार? भिलाईच्या निवृत्त कामगारांच्या संघटनांनी चौथी मागणी कारखाना व्यवस्थापनाकडे लेखी करावी: साठी ओलांडलेल्या, दात नसलेल्या प्रत्येक माजी कामगाराची आणि त्याच्या जोडीदाराची सेक्टर ९ मध्ये एकदा तपासणी व्हावी, आणि ज्यांना गरज आहे त्यांना दोन इम्प्लांट मिळावेत.