दाढीच्या पुटकुळ्या आणि रूममेटची ट्यूब

गेल्या महिन्यात एका रविवारी माझा मावसभाऊ माझ्याकडे जेवायला आला होता. तो बेंगळुरूमध्येच एका हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर ट्रेनी आहे आणि मी कोरमंगलात राहते. आईने बेळगावहून कुंदा पाठवला होता, म्हणून मुद्दाम बोलावलं. दार उघडलं आणि आधी त्याच्या मानेकडेच लक्ष गेलं. हनुवटीखाली लालकाळ्या पुटकुळ्यांची रांग, आणि गाल मात्र विचित्र चकचकीत, लाल.

"काही नाही अक्का, रोज दाढी करावी लागते ना. रूममेटची ट्यूब आहे, ती लावली की दोन दिवसांत बसतं."

"आणि मग?"

"मग परत येतं. मग परत लावतो."

असं दीड महिना चाललं होतं. मी ती ट्यूब मागून घेतली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. पहिलंच नाव होतं बीटामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. कुंदा बाजूला राहिला आणि आमची चर्चा सुरू झाली. तीच आज तुमच्यासमोर मांडते आहे, कारण अशी एखादी ट्यूब बहुतेक घरांत सापडते.

ही पुटकुळी नेमकी असते काय?

दाढी केल्यावर लगेच त्वचा लाल होते, चुरचुरते आणि एक-दोन दिवसांत शांत होते, ती ब्लेडची जळजळ. रेझर बम्प्स वेगळे. ते दाढीनंतर एक-दोन दिवसांनी वर येतात आणि रोज दाढी केली तर जातच नाहीत.

ब्लेडने कापलेल्या केसाचं टोक अणकुचीदार होतं. केस कुरळा असेल तर तो वाढताना वळतो आणि शेजारच्याच त्वचेत घुसतो. त्वचा ताणून फार खोलवर दाढी केली तर कापलेलं टोक त्वचेच्या आत सरकतं आणि आतल्या आत टोचतं. पायात काटा मोडल्यावर जशी सूज येते, तशीच ही सूज. फरक इतकाच की काटा आपलाच असतो. डॉक्टर याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. म्हणजे हा मुळात जंतुसंसर्ग नाही आणि अस्वच्छतेचं लक्षण तर नाहीच. कुरळ्या केसांच्या लोकांना हा त्रास जास्त होतो. अमेरिकेच्या सैन्यात तर या कारणासाठी कित्येक जवानांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दाढी न करण्याची सूट दिली गेली आहे.

मग ट्यूबने बरं कसं वाटतं?

स्टिरॉइड शरीराची प्रतिक्रिया दाबतं. लाली उतरते, खाज थांबते. पण रुतलेला केस तिथेच असतो. मलम थांबलं की सूज परत येते आणि आपण परत ट्यूब पिळतो. आठवड्यांमागून आठवडे हे चाललं की चेहऱ्याची त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमं येतात, उन्हात गेलं की आग होते. बुरशीचा संसर्ग असेल तर तो आतल्या आत पसरतो. आपल्या देशात हे इतकं आढळतं की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस' असं नावच दिलं आहे. त्यांची आयएडीव्हीएल ही संघटना याबद्दल कित्येक वर्षं बजावते आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण रूममेटच्या कप्प्यातल्या ट्यूबला चिठ्ठी कोण विचारणार?

म्हणून घरातल्या मलमांवरची नावं एकदा वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. कुणी बरेच दिवस लावत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच बंद करा. अचानक थांबवलं तर लाली भडकू शकते.

खरा इलाज: ब्लेडला सुट्टी

सगळ्यात गुणकारी उपाय फुकटचा आहे. तीन-चार आठवडे दाढी करायची नाही. पहिल्या आठवड्यात त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो, तेव्हा धीर सोडू नका. केस लांब झाले की रुतलेली टोकं आपोआप बाहेर येतात.

तोवर कोमट पाण्यात भिजवलेला स्वच्छ रुमाल दहा मिनिटं ठेवावा. नखाने किंवा चिमट्याने उकरू नये. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर पुटकुळी गेली तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि उकरल्याने तो आणखी गडद होतो. बाहेर पडताना सनस्क्रीन लावलं तर डाग लवकर फिके पडतात. सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक ॲसिड असलेलं सौम्य उत्पादन मृत त्वचा सैल करतं, पण नुकत्याच दाढी केलेल्या, चुरचुरणाऱ्या त्वचेवर ते लावू नका. डॉक्टर कधी रात्री लावायला अडापालीन देतात. गरोदरपणात मात्र ते टाळतात, तेव्हा तसं आधीच सांगा.

आणि आजीचा बटवा? तुरटी बारीक कापल्याचं रक्त थांबवते, पण रुतलेला केस काढत नाही, आणि फार घासली तर त्वचा कोरडी पडते. लिंबू तर नकोच. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते.

परत दाढी सुरू कराल तेव्हा

• अंघोळीनंतर करा. निदान पाच मिनिटं कोमट पाण्याने केस मऊ होऊ द्या.
• अंगाचा साबण नको, शेव्हिंग क्रीम किंवा जेल वापरा. आमच्या भागात बऱ्याच इमारतींत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं. त्यात साबणाला फेस येत नाही आणि ब्लेड कोरड्या त्वचेवरूनच फिरतं.
• केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने ब्लेड फिरवा. मानेवर ही दिशा जागोजागी बदलते, आधी बोटाने चाचपून बघा.
• त्वचा ताणू नका, ब्लेड दाबू नका, एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नका.
• दर वेळी रेझर धुवा, कोरडा ठेवा आणि पाच ते सात वापरांनंतर ब्लेड बदला. रेझर कुणाबरोबर वाटून घेऊ नका, भावाबरोबरही नाही.
• ज्यांना हा त्रास वारंवार होतो, त्यांनी ट्रिमरने एक मिलिमीटरच्या आसपास केस ठेवावेत.

सलूनमध्ये दुसऱ्यांदा फेस लावून उलट्या दिशेने वस्तरा फिरवतात ना, गुळगुळीत दाढीसाठी? तिथेच गडबड होते. नवीन ब्लेड लावायला सांगा आणि "एकदाच करा" म्हणा. बेंगळुरूत असाल तर "ओंदे सल साकु" म्हटलं की काम होतं.

मैत्रिणींनो, पाय आणि काखांचंही गणित हेच आहे. शेव्ह केल्यावर लगेच डिओ मारू नका आणि त्या दिवशी घट्ट जीन्स टाळा. वॅक्सिंगनेही केस आत वाढू शकतो, त्यामुळे तो हमखास उपाय नाही. आणि घरात मिसरूड फुटलेला मुलगा असेल तर पहिली दाढी कशी करायची हे बाबांनी, मामाने किंवा तुम्ही शेजारी उभं राहून शिकवा. नाहीतर तो हॉस्टेलवर रूममेटकडूनच शिकतो.

पू, ताप, वेगाने पसरणारी लाली, कडक गाठी किंवा महिनाभर ब्लेड बंद ठेवूनही फरक नाही, असं असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. फारच त्रास असेल तर लेझरने केस कायमचे विरळ करता येतात. सावळ्या त्वचेला त्यातला एनडी-याग प्रकार जास्त सुरक्षित मानला जातो.

माझा भाऊ डॉक्टरांकडे जायला तयार होता, पण त्याला भीती वेगळीच होती. "दाढी वाढवली तर मला डेस्कवर उभं करतील का अक्का?" ट्रेनीची नोकरी, अजून कायम व्हायची, आणि नियम म्हणजे रोज गुळगुळीत दाढी. तो दीड महिना ट्यूब का पिळत होता, ते मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या: ब्लेड बंद, ट्रिमर चालेल. तो कागद त्याने घाबरत घाबरत मॅनेजरसमोर ठेवला. मॅनेजर म्हणाले, नीट कापलेली दिसली म्हणजे झालं.

परवा तो परत आला. बारीक, नेटकी दाढी, मानेवर फक्त थोडे डाग. गालांना अजून वेळ लागेल असं डॉक्टर म्हणालेत. या वेळी कुंदा मात्र आम्ही आधी संपवला.