मासे, कूलर आणि मे महिना

"काहून रे, तिले तो डब्याचा फिल्टर घेऊन देऊ काय?"

परवा दादाचा फोन. पुतणीची दहावीची परीक्षा संपली आणि बक्षीस म्हणून तिला फिशटँक हवाय. साधा नाही, खऱ्या झाडांचा. आमच्या घराण्यात मासे पाळण्याचा अनुभव असलेला मी एकटाच (आणि माझ्या हातून किती मेले याचा हिशेब ठेवणारी आई एकटीच). त्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला.

मी म्हटलं, दादा, फिल्टरचं मागून पाहू. आधी मे महिन्याचं बोल.

ज्यांनी आमचं चांदूर रेल्वे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई-हावडा लाईनवर बडनेऱ्याहून वर्ध्याकडे निघालात की लागतं ते. चांदूर बाजार वेगळं, ती चूक पाहुणे नेहमी करतात. उन्हाळ्यात इथे पारा 44-45 ला जातो. 2024 च्या मे महिन्यात तर अकोल्यात उन्हापायी 144 कलम लावलं होतं! माणसांची ही गत, तर काचेच्या पेटीतल्या माशांनी कुठं जावं?

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी हौसेनं 100 लिटरचा टँक मांडला. कॅनिस्टर फिल्टर घेतला, म्हणजे टँकखाली ठेवायचा तो बंद डबा. मासे निऑन टेट्रा. फोटो पाहून पाहून सगळं शिकलो होतो. झाडांना कार्बन डायऑक्साईड लागतो, पाण्याचा पृष्ठभाग फार हलला तर तो उडून जातो, म्हणून फिल्टरचं तोंड पाण्याखाली ठेवायचं, हेही शिकलो होतो. दिवाळीत आलेले पाहुणे टीव्ही सोडून टँकपाशी बसायचे.

मे महिन्यात एका संध्याकाळी वावधन सुटलं आणि लाईट गेली. रात्रभर आलीच नाही. पहाटे आली, फिल्टर घरघरला, आणि मी निश्चिंत होऊन झोपलो. सकाळी चौदा मासे वर तरंगत होते.

आई एवढंच म्हणाली, "पाणी तापलं त ते बिचारे जातीन कोठी?"

झालं काय ते नंतर कळलं. 25 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशाला जेमतेम 7. आणि गरम पाण्यात माशांना तो जास्त लागतो. रात्री झाडंही प्राणवायू देत नाहीत, घेतात. म्हणजे सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. वरून पृष्ठभाग मी हौसेनं शांत ठेवलेला. आणि फिल्टर? तो काही नुसती गाळणी नसतो. माशांच्या घाणीतून सुटणारा विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू त्यात राहतात, आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. बंद डब्यात पाणी थांबलं की ते गुदमरतात, आतलं पाणी सडतं. लाईट आल्यावर माझ्या महागड्या फिल्टरनं ते सडकं पाणी इमानदारीनं टँकमध्ये ओतलं.

कॅनिस्टर वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. चांगला फिल्टर आहे तो. पण आपण फिल्टर निवडतो तो टँकच्या सगळ्यात सुंदर दिवसाकडे पाहून. माझं मत असं की वऱ्हाडात तो सगळ्यात वाईट रात्रीकडे पाहून निवडावा. लाईट नसताना काय चालेल, हा पहिला प्रश्न. माझं उत्तर आहे साधा स्पंज फिल्टर आणि छोटा हवेचा पंप. तीन-चार वॅट खातो, बारक्या बॅटरीवर रात्र काढतो. दिसायला ओंगळ आहे, मान्य. बुडबुड्यांनी थोडा कार्बन डायऑक्साईड उडतो, तेही मान्य. झाडं जरा हळू वाढतील. वाढू देत. शिवाय झाडं स्वतःही अमोनिया शोषतात. डायना वॉलस्टॅड यांनी 1999 च्या पुस्तकात हेच मांडलं होतं. झाडं भरपूर आणि मासे मोजके असले तर फिल्टरवर भार कमी पडतो.

राहिलं तापमान. चिलर महाग, त्याची गरम हवा त्याच खोलीत, आणि लाईट गेली की तोही बंद. बर्फाच्या बाटल्या मीही टाकल्यात. हिशेब केला तर एक लिटर बर्फ वितळून 100 लिटर पाणी जेमतेम एका अंशानं उतरतं. आणि तेच एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं, म्हणजे जवळपास पावणेसहा अंशांची! माठाला हे कधीचं ठाऊक आहे. तेव्हा टँकचं झाकण काढा, वर जाळी टाका, आणि पाण्यावर तिरपा छोटा पंखा लावा. ठाण्याचा मावसभाऊ म्हणतो, त्याच्याकडे हा उपाय फारसा चालत नाही. बरोबर आहे, तिथली हवाच ओली. आपली कोरडी हवा हीच आपली कमाई आहे. फक्त खोलीत कूलर असेल तर खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसती चिकचिक होते, माणसालाही आणि माशालाही.

जेवढं उडेल तेवढं पाणी रोज भरावं लागतं. ते बोरचं भरू नका. वाफ उडते, क्षार मागे राहतात, आणि पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं भरा. मे महिन्यात दिवा कमी तास लावा, खाणं निम्म्यावर आणा.

आणि मासे? ॲमेझॉनच्या निऑनपेक्षा आपले झेब्रा डॅनिओ बरे. मूळचे याच देशातले, ऊन-थंडी सोसणारे. झाडांत व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला. स्वस्त आहेत म्हणून कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

दादाला म्हटलं, टँक आत्ता घेऊच नको, पावसाळ्यात घे. तोवर पुतणीला एक थर्मामीटर आणून दे. जिथे टँक ठेवायचा तिथे पाण्याची बादली ठेवायची, रोज सकाळी सहाला आणि दुपारी चारला आकडा लिहायचा. आधी पंख्याशिवाय, मग पंखा लावून. मे महिना संपला की तिलाच कळेल काय घ्यायचं ते.

"बक्षीस म्हणून बादली?" दादा हसला.

पण आज तिचा पहिला आकडा आला. दुपारी चारला 33. खाली विचारलंय, "काका, पंखा आजच लावू काय?"