फ्लॅटच्या भावात बोट मिळेलही, पण भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर?

नोकरी सोडलेलं जोडपं, छोटंसं किचन, दोन बेडरूम आणि खिडकीबाहेर नुसता समुद्र. खाली कॅप्शन : घर विकून बोट घेतली. अशी एखादी रील तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती आली तेव्हा पहिलाच रिप्लाय होता, 'केवढ्याला?'

प्रश्न रास्त आहे. या प्रकारच्या बोटीला ट्रॉलर यॉट म्हणतात. आपल्याकडे ट्रॉलर म्हटलं की ससून डॉक आणि मासळीच्या टोपल्या आठवतात. ही बोट मासेमारीसाठी नाही, पण बांधा साधारण त्याच वळणाचा : पोट भरदार, चाल संथ, डिझेलची टाकी मोठी. अमेरिकेत तीस-चाळीस वर्षं जुनी ट्रॉलर यॉट करंजाड्यातल्या टूबीएचकेच्या भावात मिळू शकते.

चालवायलाही ती वाटते तेवढी महाग नाही. साधारण चाळीस फुटी बोट ताशी १३ किलोमीटरने चालवली तर तासाला दहा-बारा लिटर डिझेल पिते. मुंबई ते गोवा समुद्रमार्गे सव्वाचारशे किलोमीटर धरा. ३३ तास, ४०० लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले तर ३६ हजार. तेवढ्याच लांबीची स्पीडबोट या अंतराला याच्या कितीतरी पट इंधन जाळेल.

खरा खर्च बोट उभी असताना होतो. आधी टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या यॉटवर ४० टक्के जीएसटी आहे, मासेमारीच्या बोटीवर ५ टक्के. मग जागा. करंजाड्याजवळ पनवेलची खाडी आहे, पण ओहोटीला तिथे चिखल उघडा पडतो. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. त्यामुळे भरतीला ऐटीत आत आणलेली बोट सहा तासांनी चिखलात आडवी झालेली दिसू शकते. गेटवेसमोर ज्या यॉट डोलताना दिसतात, त्या नांगरून ठेवलेल्या असतात. मालकाला आपल्याच बोटीवर जायला दुसरी होडी लागते. आणि पावसाळा? कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, ते उगाच नाही. तुमची बोटही बाहेर काढावी लागणार, बुडाला चिकटलेले शंख-शिंपले खरवडावे लागणार, नवा रंग द्यावा लागणार. दरवर्षी.

इथपर्यंतचा हिशेब पैशाचा झाला. पण आपल्याच रायगड जिल्ह्यात घडलेली एक गोष्ट आहे, जी या रीलमध्ये कधीच दिसत नाही.

*त्या ५३ दिवसांचं काय?*

१८ ऑगस्ट २०२२. दुसऱ्या दिवशी दहीहंडी. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक बेवारस बोट दिसली. आत माणूस नाही, पण तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. राज्यभर हायअलर्ट लागला. घाबरणं साहजिक होतं. १९९३ च्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स याच श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला उतरलं होतं, आणि २६/११ चे दहशतवादी 'कुबेर' नावाचा मासेमारी ट्रॉलर बळकावूनच मुंबईजवळ आले होते.

त्याच दिवशी तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात तटरक्षक दलाकडून मिळालेली माहिती दिली. बोटीचं नाव 'लेडी हान', लांबी १६ मीटर, मालकी एका ऑस्ट्रेलियन महिलेची. तिचा नवराच कॅप्टन. मस्कतहून युरोपकडे निघालेल्या या बोटीचं इंजिन २६ जूनला बंद पडलं. मदतीचा संदेश गेल्यावर काही तासांत एका कोरियन युद्धनौकेने माणसांना वाचवून ओमानच्या ताब्यात दिलं. समुद्र खवळलेला होता, त्यामुळे बोट ओढून नेता आली नाही. ती तशीच सोडावी लागली.

नैऋत्य मान्सूनमध्ये अरबी समुद्रातले वारे आणि प्रवाह आपल्या दिशेने ढकलतात. २६ जून ते १८ ऑगस्ट, असे ५३ दिवस बोट वाहत राहिली आणि शस्त्रांसकट कोकणात येऊन लागली.

माणसं वाचली ही मोठी गोष्ट. दहशतवादाचा धागाही सापडला नाही. पण मला यात एक गोष्ट खटकते. बोट मागे सोडल्याचं ज्यांना माहीत होतं, ते सगळे आपल्यापासून शेकडो मैल दूर होते. आपल्याकडे ती कळली ती किनाऱ्यावरच्या लोकांना दिसली तेव्हा.

*मोठी रडार यंत्रणा असून असं कसं?*

जहाज कुठे आहे, त्याचं नाव काय, कुठे चाललंय हे आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेला एआयएस म्हणतात. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना ती सक्तीची आहे. खासगी हौसेच्या छोट्या बोटींना ही आंतरराष्ट्रीय सक्ती लागू नाही. २६/११ नंतर आपण २० मीटर आणि त्यावरच्या मासेमारी बोटींना एआयएस लावायला लावलं. 'लेडी हान' १६ मीटरची. शिवाय यंत्र बसवलेलं असलं तरी त्याला वीज लागते, आणि इंजिन मेलं की बॅटरी किती दिवस टिकणार? रडारवरही लाटांमध्ये अशी छोटी बोट शोधणं कठीणच.

म्हणजे तांडेलाकडे कागदपत्रं, लायसन्स, खलाशांची ओळखपत्रं मागायची आणि हौशी बोटीवाला मात्र चाळणीतून निसटतो, असं होतंय. हे उलटं व्हायला हवं, असं माझं मत आहे. तांडेलाला समुद्र पिढ्यान् पिढ्या माहीत असतो. नवख्या मालकाला नसतो.

हे आत्ता बोलायचं कारण म्हणजे मुंबई बंदर प्राधिकरणाने २०२५ च्या अखेरीस मुंबईत मरिना बांधण्यासाठी निविदा मागवल्या. प्रकल्प ८८७ कोटींचा, जागा ४२४ यॉटना. कोचीच्या बोलगाट्टीला मरिना कधीच झाली, मुंबई मागे होती, त्यामुळे हे चांगलंच. पण ४२४ बोटी येणार त्याच बंदरात, जिथे १८ डिसेंबर २०२४ ला इंजिनची चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' फेरीबोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट हवंच, याची कडक आठवण त्यानंतर झाली.

त्यामुळे मरिनाच्या बातमीत कोटींच्या आकड्यापलीकडे तीन गोष्टी बघा. बंद पडलेली बोट ओढून आणायची जबाबदारी कोणाची आणि बिल कोणाच्या नावावर. प्रत्येक बोटीला एआयएस सक्तीचं आहे का, लांबी कितीही असो. आणि बोट सोडून माणसं परतली तर ते किती तासांत तटरक्षक दलाला कळवायचं.

तोवर ग्रुपवर कोणी वीकेंडला मांडव्यासाठी खासगी बोट ठरवत असेल तर निघण्याआधी जॅकेट मोजून घ्या, रेडिओ चालू आहे का ते विचारा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.