आडाचा दोर आणि राखीव वाट

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें गेलें, आणि मुठेच्या पुरानें पुण्याच्या नदीकांठच्या पेठा धुऊन नेल्या, ही हकीकत मराठी घरांत सर्वांस ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध मात्र त्या वेळच्या गृहिणींनाच अधिक आठवतो. पूर ओसरला, पण नळ कोरडेच राहिले. कारण शहराला पाणी पुरविणारा खडकवासल्याचा सांठाच वाहून गेला होता. मग वाड्यावाड्यांतून आडाची आठवण झाली. ज्या घरीं तुळशीसाठीं कां होईना, रोज दोन घागरी आडांतून शेंदण्याची वहिवाट होती, तेथें दोर मजबूत, रहाट फिरता व पाणी निवळ होतें. ज्या घरीं नळ आल्यापासून आडावर फळ्या पडल्या होत्या, तेथें दोर कुजलेला, व पाणी उपसल्याखेरीज तोंडीं लावण्याजोगें नव्हतें. आड दोन्ही घरीं होता. वेळेवर उपयोगीं मात्र एकाच घरीं पडला.

या महिन्यांत या सदरासाठीं घेतलेला विषय आडापासून वरवर पाहतां फार दूरचा आहे. दोन कचेऱ्यांतील संगणकांस जोडणारी मुख्य तार तुटली असतां, आपण होऊन दूरध्वनीचा क्रमांक फिरवून दुसरी वाट उघडणारी जी व्यवस्था, तिजविषयीं आज लिहावयाचें आहे. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां एखादा मुलगा, सून किंवा जांवई या धंद्यांत असतो. तो रात्रीं-अपरात्रीं उठून कशाच्या मागें लागतो, हें घरांतील वडील मंडळींस सहसा कोणी उलगडून सांगत नाहीं. तें या निमित्तानें सांगतां येईल. आणि त्यांतून जो बोध निघतो तो घरच्यांनाही तितकाच उपयोगाचा आहे.

प्रथम मुळापासून पाहूं. एखाद्या बँकेची शाखा तालुक्याच्या गांवीं आहे आणि तिचे सर्व खातेपुस्तक मुंबईच्या मोठ्या संगणकांत आहे. शाखेंतील कारकुनानें खातें उघडून पाहिलें कीं प्रश्न तारेनें मुंबईस जातो व उत्तर परत येतें. या निरोपांस वाट दाखविणारी एक पेटी दोन्ही टोंकांस असते. तिला राउटर म्हणतात. तिच्याजवळ एक मार्गसूची असते: अमुक पत्त्याचा निरोप अमुक तारेनें धाडावा. शेजारचे राउटर एकमेकांस खबर देत राहतात व त्या खबरींवरून ही सूची पुनःपुन्हा ताजी होते.

मुख्य तार ही महिन्याच्या ठराविक भाड्यानें घेतलेली, रात्रंदिवस चालू असलेली अशी असे. तिला लीज्ड लाइन म्हणतात. तशीच दुसरी तार केवळ राखीव म्हणून भाड्यानें घेणें महाग पडे. तेव्हां व्यवहारी माणसांनीं विचार केला, कीं दूरध्वनीचा आकार जितका वेळ बोलावें तितकाच पडतो. मग अडचणीच्या वेळींच राउटरनें दूरध्वनि लावला तर काय वाईट? १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें केल्यानंतर घरोघरीं मोडेमची जी किरकिर ऐकूं येऊं लागली, ती याच डायल-अप पद्धतीची. कचेऱ्यांतून तिची सुधारलेली आवृत्ति, म्हणजे आय-एस-डी-एन, वापरीत. तिच्या साध्या जोडणींत सेकंदाला ६४ हजार अंश वाहणाऱ्या दोन वाटा असत, आणि ती मोडेमपेक्षां पुष्कळ लवकर जोडली जाई.

तार जोडून देणें सोपें असतें. मुख्य वाट बंद झाली, हें ओळखावें कसें, हा खरा अवघड प्रश्न होय. सिस्को या अमेरिकन कंपनीच्या राउटरांत त्यासाठीं तीन तऱ्हा ठेवलेल्या आहेत, आणि तिन्हींचा स्वभाव निरनिराळा आहे.

पहिल्या तऱ्हेंत राउटर केवळ आपल्या दाराशीं आलेल्या मुख्य तारेची नाडी पाहतो. नाडी थांबली कीं राखीव दूरध्वनि जागा होतो. तोंपर्यंत तो निजूनच असतो. हें अगदीं सरळ आहे, पण यांत एक फसगत आहे. फ्रेम रिले नांवाच्या पद्धतींत शाखेच्या राउटरला नाडीचें उत्तर देतें तें जवळच्या केंद्रांतील यंत्र. पलीकडे मुंबईपर्यंतची वाट तुटली तरी जवळचें यंत्र ‘मी आहें’ असें सांगतच राहतें. तोटी सोडल्यावर नळांत सांचलेलें पाणी क्षणभर येतें आणि टाकी भरलेली आहे असा भास होतो, त्यांतलाच हा प्रकार. राउटर समाधानानें बसून राहतो व निरोप वाटेंतच गडप होतात. या पद्धतींत त्या तारेंतील प्रत्येक वाटेची निराळी नोंद करून तिच्यावर स्वतंत्र पहारा ठेवला, तरच ही फसगत टळते.

दुसरी तऱ्हा मार्गसूचींतच बसविलेली असते. कोणत्या मार्गावर किती विश्वास ठेवावा हें राउटर एका अंकानें ठरवितो. अंक जितका लहान तितका विश्वास अधिक. माणसानें स्वतः लिहून ठेवलेल्या मार्गास सामान्यतः १ हा अंक असतो. शेजाऱ्यांच्या खबरींवरून शिकलेल्या मार्गांस त्या त्या पद्धतीप्रमाणें, म्हणजे ओ-एस-पी-एफ पद्धतीस ११०, रिप पद्धतीस १२०, असे अंक मिळतात. आतां दूरध्वनीचा मार्ग हातानें लिहून त्याला मुद्दाम २०० हा अंक द्यावा. खबरींचा मार्ग हयात आहे तोंवर हा गरीब भावाप्रमाणें मागें उभा राहतो. तो मार्ग सूचींतून गळाला कीं हा आपोआप पुढें येतो. मात्र एवढ्यानें दूरध्वनि लागत नाहीं. त्या वाटेनें जाणारा एखादा कामाचा निरोप आला तरच क्रमांक फिरविला जातो.

तिसऱ्या तऱ्हेस पहारा म्हणतां येईल. मुंबईच्या ठराविक पत्त्यावर राउटर डोळा ठेवून असतो. तो पत्ता मार्गसूचींतून नाहींसा झाला कीं कोणाच्या निरोपाची वाट न पाहतां तो ताबडतोब दूरध्वनि लावतो. आणि मुख्य मार्ग परत येईपर्यंत सोडीत नाहीं. तार कोठें तुटली याची त्याला फिकीर नसते. मुक्काम गांठतां येतो कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो.

येथें उतावळेपणाही उपयोगाचा नाहीं. रिप पद्धतींत शेजारी दर ३० सेकंदांनीं खबर देतो, आणि १८० सेकंद खबर आली नाहीं तर मार्ग बुडाला असें समजतात. ओ-एस-पी-एफमध्यें हांक दर १० सेकंदांनीं मारतात व ४० सेकंद थांबून आशा सोडतात. पावसाळ्यांत तारा ओल धरतात, मिनिटांत जातात नि मिनिटांत येतात. प्रत्येक वेळीं राखीव वाट उघडली व मिटली तर काम दोन्हींकडून मोडतें. म्हणून शहाणा माणूस, मुख्य तार गेल्यावर थोडे सेकंद आणि परत आल्यावर त्याहून अधिक, थांबावयाची सूचना लिहून ठेवतो. रुसून गेलेला पाहुणा परतला तरी दोन दिवस वागणूक पाहून मगच त्याच्या हातीं किल्ल्या द्याव्या, तसेंच हें.

प्रस्तुत लेखकाची निम्मी नोकरी अशाच पेट्या बसविण्यांत गेली. आरंभीं एके ठिकाणीं दुसरी तऱ्हा योजिली होती. महिना संपला आणि दूरध्वनीचें बिल आलें तें पाहून व्यवस्थापकांचे डोळे पांढरे झाले. मुख्य तार तर महिनाभर एक मिनिटही बंद पडली नव्हती! चूक माझीच होती. राउटर शेजाऱ्यास दर १० सेकंदांनीं जी हांक मारतो, तीही ‘कामाचा निरोप’ म्हणून मीं मोजूं दिली होती. कांहीं काम नसतां १२० सेकंदांनीं दूरध्वनि आपण होऊन ठेवला जावा अशी योजना होती. पण दर १० सेकंदांनीं हांक जात असल्यामुळें ते १२० सेकंद कधीं भरलेच नाहींत. अशा हांकांस दूरध्वनि लावण्याचा अधिकार नाहीं, अशी एक ओळ लिहितांच बिल ताळ्यावर आलें. कोणत्या कामासाठीं दार उघडावयाचें हें आधीं ठरविलें नाहीं, तर वाऱ्यानें कडी वाजली तरी घर जागें होतें.

ही चूक पैशांवर निभावली. दुसरी निभावली नाहीं. तालुक्याच्या एका गांवीं एका बँकेच्या शाखेंत मीं तिसरी तऱ्हा बसविली, तार उपटून परीक्षा घेतली, ४० सेकंदांनंतर दूरध्वनि लागला, सर्वांनीं चहा घेतला. पुढें पावणेदोन वर्षें मुख्य तार उत्तम चालली. मग एका महिन्याच्या पहिल्या तारखेस रस्त्याच्या खोदकामांत ती तुटली. पेन्शनीचा दिवस, सकाळपासून ओट्यावर वृद्ध मंडळी बसलेली. राउटरनें आपलें कर्तव्य चोख केलें. क्रमांक फिरविला, पुन्हा फिरविला, दिवसभर फिरवीत राहिला. तार मुकी होती. चौकशीअंतीं कळलें, कीं हिशेबनीसानें सहा महिन्यांपूर्वीं तो दूरध्वनि बंद करविला होता. दर बिलांत भाडें आहे, बोलणें शून्य. तेव्हां हा कोणाच्या उपयोगाचा नाहीं असा त्यानें निष्कर्ष काढला. बिचारा काटकसरी माणूस. त्याला दोष कसा द्यावा? तें शून्यच त्या दूरध्वनीच्या चोख चाकरीचें लक्षण आहे, हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें; आणि सांगावयाचें तें मीं होतें.

दुपारीं मी पोंचलों तेव्हां एक आजीबाई नातवाचा हात धरून पायऱ्या उतरत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “उद्यां येऊं का रे बाळा? औषध आजचें होतें, पण चालेल एक दिवस.” त्या रागावल्या नाहींत, हेंच मनाला अधिक लागलें. राउटरमध्यें लिहिलेली एकही ओळ चुकीची नव्हती. आडाची बांधणी पक्की होती. दोर मात्र सहा महिन्यांपूर्वींच कापला गेला होता.

तेव्हांपासून मीं कांहीं नेम पाळले. महिन्यांतून एकदां, गर्दी नसेल अशा वेळीं, मुख्य तार आपल्या हातानें उपटावयाची. किती सेकंदांत दुसरी वाट उघडली व त्या वाटेनें खरें काम झालें कीं नाहीं, तें वहींत लिहावयाचें. तार परत जोडून दूरध्वनि आपण होऊन ठेवला जातो कीं नाहीं, तेंही पाहावयाचें. दोन्ही टोंकांचे परवलीचे शब्द जुळतात कीं नाहीं याची खात्री त्यांतच होते. एका टोंकाचा बदलला तर दूरध्वनि लागतो, पण ओळख न पटल्यानें क्षणांत तुटतो. मुख्य व राखीव तारा एकाच चरांतून नेलेल्या नाहींत ना, हें स्वतः चालत जाऊन पाहावयाचें; कुदळीच्या एका घावांत दोन्ही जाव्या असें पुष्कळ ठिकाणीं असतें. आणि शेवटीं, दूरध्वनीच्या बिलाच्या फाइलींत पहिल्याच पानावर लिहून ठेवावयाचें: ‘हा दूरध्वनि मुका आहे तोंवर सर्व ठीक आहे. बंद करूं नये.’

आज दूरध्वनि फिरवून जोडण्याची पद्धत बहुतेक मागें पडली आहे. तिच्या जागीं राउटरच्या पोटांत मोबाइलचें सिम कार्ड घालतात व मुख्य वाट गेली कीं हवेंतून दुसरी वाट उघडते. वेग कित्येक पट वाढला, तरी २०० अंकाचा गरीब भाऊ अजून तसाच मागें उभा असतो, पहारा तसाच असतो. आणि न वापरलेल्या सिमचा रिचार्ज संपून तें गुपचूप मरतें, हेंही जुन्या गोष्टीप्रमाणेंच घडतें.

आपल्या घरांतही अशा राखीव वाटा असतात. इन्व्हर्टरची बॅटरी असते, शेजाऱ्यांकडे ठेवलेली कुलपाची दुसरी किल्ली असते, मामंजींच्या नांवच्या ठेवीवर लावलेलें वारसाचें नांव असतें, आणि एकट्या वडिलांनाच ठाऊक असलेल्या खात्यांचे परवलीचे शब्द असतात. त्या आहेत एवढ्यावर आपण निर्धास्त असतों. वाचकभगिनींनीं या महिन्यांतील एका रविवारीं दोन घटका काढून त्यांतील एखादी तरी खरोखर उघडून पाहावी: दिव्याचें मुख्य बटण बंद करून इन्व्हर्टर किती वेळ चालतो तें पाहावें, शेजाऱ्यांकडील किल्ली आणून कुलूप उघडून पाहावें. घरांतील धाकट्यांना बरोबर घ्यावें, म्हणजे ही वस्तु मुकी कां आहे व तरीही ती कां ठेवावयाची, हें त्यांना कळेल. नाहींतर उद्यां काटकसरीच्या भरांत तेच तिचा दोर कापतील.