सुखाचे गुण आणि पृथ्वीचा हिशोब : एका प्रश्नावलीची पारख

माणूस किती समाधानी आहे आणि त्याचे ते समाधान पृथ्वीला केवढ्याला पडते, या दोन प्रश्नांचे उत्तर एकाच आकड्यात देण्याचा प्रयत्न लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या संस्थेने जुलै २००६ मध्ये केला. ‘हॅपी प्लॅनेट इंडेक्स’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या निर्देशांकात १७८ देशांची क्रमवारी होती. प्रशांत महासागरातील वानुआटू हे चिमुकले द्वीपराष्ट्र पहिले आले. अमेरिकेला १५०वे आणि ब्रिटनला १०८वे स्थान मिळाले, तर झिम्बाब्वे तळाशी राहिला. देशांच्या या यादीपाठोपाठ व्यक्तींसाठीही प्रश्नावली महाजालावर आली. घर केवढे, घरात माणसे किती, मांसाहार किती वेळा, गाडी आणि विमानाचा प्रवास किती, मित्रांसाठी वेळ मिळतो का, आयुष्यावर आपण कितपत समाधानी आहोत, अशा प्रश्नांची उत्तरे टिचकी मारून द्यायची. काही मिनिटांत वैयक्तिक गुणांक पडद्यावर उमटतो.

त्यानंतर अशा चाचण्यांचे पीकच आले. पर्यावरणीय पाऊलखूण मोजणारी संकेतस्थळे, कार्बन मोजणारी मोबाइल अ‍ॅप, शाळांच्या प्रकल्पांतून वाटले जाणारे तक्ते असे त्यांचे अनेक अवतार झाले. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मिशन लाइफ’ सुरू झाल्यापासून व्यक्तीने करावयाच्या ७५ कृतींची यादी सरकारी पातळीवरूनच लोकांपुढे ठेवली गेली. त्यामुळे परदेशात जन्मलेली ही प्रश्नावली भारतीय घरात आणली तर काय होते, हे तपासून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम तिचे गणित पाहू. मूळ कल्पना सोपी आहे. सरासरी आयुर्मानाला समाधानाच्या गुणांनी गुणायचे आणि आलेल्या संख्येला पर्यावरणीय पाऊलखुणेने भागायचे. समाधान शून्य ते दहा अशा शिडीवर मोजतात. ही शिडी हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडली होती आणि २०१२ पासून प्रसिद्ध होणारा जागतिक आनंद अहवालही तिच्यावरच उभा आहे. पर्यावरणीय पाऊलखुणेची संकल्पना विल्यम रीस आणि मॅथिस वाकरनागेल यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी कॅनडात विकसित केली. माणसाचे अन्न, इंधन, कापड, घर यांसाठी आणि त्याने सोडलेला कार्बन शोषून घेण्यासाठी किती सुपीक जमीन व पाणी लागेल, ते हेक्टरांत सांगायचे, अशी ती पद्धत. २००५ सालच्या आकडेवारीनुसार एका अमेरिकी नागरिकाला ९.४ हेक्टर लागत होते, भारतीयाला ०.९. त्या वेळी पृथ्वीवर माणशी उपलब्ध होते २.१ हेक्टर.

भागाकार हा मोठा निर्दय प्रकार आहे. समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातील एखाद्या ऊसतोड कामगाराची पाऊलखूण १ हेक्टर आणि समाधान ४ गुण मानले, तर भागाकार ४ येतो. बंगळूरुमधील संगणक अभियंत्याची पाऊलखूण ४ हेक्टर आणि समाधान ८ गुण मानले, तर तो येतो २. आयुर्मान दोघांचे सारखे धरले आहे. प्रत्यक्षात ते तसे असण्याची शक्यता कमीच, पण तूर्त ते बाजूस ठेवू. म्हणजे वर्षातील निम्मे दिवस कोपीत काढणारा माणूस अभियंत्यापेक्षा दुप्पट गुणांनी ‘सुखी’ ठरला! निर्देशांक तयार करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणूनच ते पाऊलखुणेत एक स्थिर संख्या मिळवतात. आपल्या उदाहरणात ती ३ धरली, तर कामगाराचा भागाकार १ होतो, अभियंत्याचा सुमारे १.१४. क्रम उलटला. दोन माणसांच्या आयुष्यात तसूभरही बदल झालेला नाही. बदलली ती केवळ सूत्रातील एक संख्या, आणि ती प्रश्नावली भरणाऱ्याला दिसतही नाही.

या निर्देशांकावरचा सर्वांत गंभीर आक्षेप येथेच उभा राहतो. कमी वापर आणि काटकसर या दोन गोष्टी त्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत. वीज परवडत असूनही पंख्यावर भागवणारा आणि वीजच नसलेला, दोघांच्या रकान्यात सारखाच आकडा पडतो. पहिल्याचे कौतुक करावे, दुसऱ्यापर्यंत तार पोहोचवावी. एका गुणांकातून या दोन भिन्न निष्कर्षांपर्यंत जाता येत नाही.

आता भारतीय घराकडे वळू. नागपुरातील पाच जणांचे एक कुटुंब कल्पिले, त्यांचा महिन्याचा वीजवापर १५० युनिट आणि वर्षाला गॅसचे नऊ सिलिंडर. भारतातील बहुतांश वीज अजून कोळशावर तयार होते. एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १४.२ किलोचा एक सिलिंडर जळला की साधारण ४२ किलो. बेरीज करून पाचाने भागले, तर वीज व स्वयंपाक मिळून माणशी वर्षाला ३३० किलोच्या आसपास आकडा येतो. बंगळूरुत एकट्याने सदनिका घेऊन राहणारा अभियंता महिन्याला २०० युनिट वापरत असेल, तर नुसत्या विजेपोटी त्याच्या नावावर १,६८० किलो जमा होतात. फ्रिज दोन्ही घरांत एकच. पण एकात तो पाच जणांच्या वाट्याला येतो आणि दुसऱ्यात एकाच्या. हाच अभियंता वर्षातून एकदा लंडनला जाऊन आला तर सुमारे एक टनाची भर पडते, म्हणजे नागपूरच्या एका व्यक्तीच्या वीज-गॅसाचा तीन वर्षांचा हिशोब एका फेरीत.

या बाबतीत प्रश्नावलीला श्रेय दिलेच पाहिजे. लोक सहसा पिशवी, नळ आणि दिवा यांची काळजी करतात. विमान, वातानुकूलन आणि एकट्याचे घर यांचे वजन त्यांच्या लक्षात येत नाही. कुठली गोष्ट राई आणि कुठली पर्वत, हे आकड्यांत दिसते तेव्हा पुष्कळांची समजूत बदलते. आणि एकत्र राहण्याने साधने वाटली जातात, शिवाय सोबतही मिळते, हे निर्देशांकाच्या कर्त्यांचे म्हणणे अशा उदाहरणात पटण्यासारखे वाटते.

मात्र त्यासाठी आकडे त्या त्या देशाचे असावे लागतात. ब्रिटनमधील कोळशावरचे शेवटचे वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. तिथल्या विजेच्या मापाने भारतातील २०० युनिट मोजले, तर भारतीय घर आहे त्याहून स्वच्छ दिसेल. उलट, परदेशी प्रश्नावलीत घर गरम ठेवण्याच्या साधनांविषयी दोन-तीन प्रश्न असतील, तर चेन्नई वा सोलापूरच्या वाचकाने तेथे काय लिहावे? टँकरचे पाणी, सोसायटीतील डिझेल जनित्र, चुलीतील लाकूडफाटा, गोवऱ्या यांना रकानाच नसतो. पंधरा दिवसांतून एकदा पाणी येणाऱ्या गावातील माणसाला ‘आंघोळीला किती मिनिटे लागतात’ हा प्रश्न थट्टेचा वाटल्यास नवल नाही.

समाधानाच्या प्रश्नांची गोष्ट याहून अवघड. भूतानचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७०च्या दशकात ‘सकल राष्ट्रीय आनंद’ ही कल्पना मांडल्यापासून या विषयाला मान मिळाला. भारतात मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये स्वतंत्र आनंद विभागच स्थापन केला. तरी मोजायचे नेमके काय, हा प्रश्न सुटलेला नाही. मराठीपुरते बोलायचे तर सुख, आनंद आणि समाधान हे तीन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. समाधान या शब्दात आहे त्यात भागवण्याची छटा आहे. ज्याला सुख मिळाले नाही, त्यानेही समाधानी असावे, अशी आपल्याकडची शिकवण आहे. त्यामुळे ‘आपण किती समाधानी आहात?’ या प्रश्नाला इंदूरच्या मराठी गृहस्थाने आठ गुण दिले, तर त्यात परिस्थितीचे गुण किती आणि संस्कारांचे किती, हे कसे कळावे? ‘कसे काय चालले आहे?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘बरे चालले आहे’ असे उत्तर मिळते. ते शिडीवर पाच, सहा की सात? उत्तर देणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

त्या क्षणीच्या मनःस्थितीचाही प्रश्न आहे. नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि जेराल्ड क्लोर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रात फार गाजला. उन्हाच्या आणि पावसाच्या दिवशी दूरध्वनीवरून लोकांना आयुष्याविषयी विचारले असता, लख्ख उन्हाच्या दिवशी लोकांनी अधिक समाधान सांगितले; आधी हवामानाचा विषय काढला की हा फरक नाहीसा होई. पुढे मोठ्या नमुन्यांवर झालेल्या अभ्यासांत हवेचा हा परिणाम ठामपणे आढळला नाही, हेही नोंदवले पाहिजे. (पाऊस पडताच मन उदास होते, हे गृहीतक मराठवाड्यात जूनमध्ये तपासले असते तर निकाल उलटाच लागला असता.) हजारोंच्या सरासरीत असे चढउतार विरून जातात. एकट्याच्या चाचणीत सरासरी नसतेच. म्हणून देशांसाठी बऱ्यापैकी चालणारे माप व्यक्तीला लावले की ते डळमळते.

व्यक्तीलाच का मोजावे, असा प्रश्न विचारणाराही एक मोठा वर्ग आहे आणि त्याच्याकडे आधार आहे. व्यक्तीच्या कार्बन पाऊलखुणेचा गणक घराघरांत पोहोचवणाऱ्यांत बीपी ही तेल कंपनी आघाडीवर होती. तिने २००४च्या सुमारास तो आपल्या प्रचारमोहिमेतून लोकांसमोर आणला. तेल विकणाऱ्याने ग्राहकाला त्याच्या वापराबद्दल प्रश्न विचारावेत, यातील चातुर्य नंतर अनेकांनी दाखवून दिले. भारतातील अनुभवही विचार करायला लावणारा आहे. वातानुकूलन यंत्र किती अंशांवर ठेवता, हा चाचण्यांतील आवडता प्रश्न. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर यावीत, असा नियम भारतात लागू झाला. ‘उजाला’ योजनेखाली २०१५ पासून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले आणि दिव्याची किंमत उतरली. त्यासाठी कोणाच्याही सद्बुद्धीची परीक्षा घ्यावी लागली नाही.

कोस्टा रिकाचे उदाहरणही याच बाजूचे. २००९, २०१२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत हा देश निर्देशांकात पहिला आला. त्याने १९४८ मध्ये सैन्य विसर्जित करण्याचा निर्णय घेतला, आरोग्य व शिक्षणावर खर्च केला, बहुतांश वीज पाण्यासारख्या अक्षय स्रोतांतून मिळवली. तेथील नागरिकाची वैयक्तिक पाऊलखूण लहान दिसते ती बऱ्याच अंशी या निर्णयांमुळे.

चाचणीत न विचारला जाणारा आणखी एक प्रश्न घरातच आहे. उत्तरे कोण भरतो? एकत्र कुटुंबाच्या वतीने कर्त्या पुरुषाने टिचक्या मारल्या, तर ताजे अन्न, उन्हात वाळवलेले कपडे, वेगळा केलेला ओला-सुका कचरा, शून्य पॅकबंद पदार्थ, अशा सगळ्या रकान्यांत घराला उत्तम गुण पडतील. ही कामे कोणाच्या हातून होतात, हे सांगायला राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेळ-वापर पाहणी आहे. २०२४च्या पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ गेल्याचे आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटांचा. घराची पाऊलखूण हलकी ठेवण्याचे ओझे सुनेच्या डोक्यावर आणि समाधानाचे आठ गुण सासऱ्यांच्या उत्तरातून, असा हा गुणांक असू शकतो. सूनबाईंनी तीच प्रश्नावली स्वतंत्रपणे भरली, तर पाऊलखुणेचा आकडा तोच राहील; दुसऱ्या आकड्याविषयी मात्र खात्री देता येणार नाही.

२०२४ मध्ये या निर्देशांकाची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात जमिनीच्या हेक्टरांऐवजी कार्बन पाऊलखूण धरली आहे आणि पहिल्या स्थानावर पुन्हा वानुआटू आहे. मधल्या काळात, मार्च २०१५ मध्ये, ‘पाम’ चक्रीवादळाने या द्वीपसमूहाची दाणादाण उडवली होती. पुढे वानुआटूच्याच पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ मार्च २०२३ रोजी हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, असा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवला. २३ जुलै २०२५ रोजी हेग येथे न्यायालयाने सल्लावजा मत दिले : हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्याचा भंग झाल्यास भरपाईपर्यंतचे परिणाम संभवतात.